रोबोला बघायला शिकवताना आधी डोळा स्थिर करा

इंजिनिअरिंगच्या प्रदर्शनांत हमखास दिसणारा एक प्रयोग आहे. सर्व्होवर, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरवर, कॅमेरा बसवलेला, चेहरा ओळखणारा प्रोग्राम चालू, आणि पाहुण्याच्या चेहऱ्यामागे वळणारं डोकं. पाहुणा सावकाश सरकला की सगळं छान चालतं. जरा भरभर हलला की डोकं मागे पडतं, मग पुढे निघून जातं, मग डावी-उजवीकडे थरथरत बसतं. पुढची रात्र पीआयडीचे, म्हणजे चूक किती जोराने दुरुस्त करायची ते ठरवणारे, आकडे बदलण्यात जाते. दोष आकड्यांत नसतोच. कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र प्रोग्रामपर्यंत पोचून त्याचा निकाल लागेपर्यंत सहज ६० ते १०० मिलिसेकंद गेलेले असतात, आणि मोटर त्या शिळ्या बातमीवर धावत असते.

माणसाच्या डोळ्यालाही हा उशीर चुकलेला नाही. उलट त्याचा उशीर कॅमेऱ्यापेक्षा मोठा आहे. तरीही चालताना रस्त्यावरची पाटी वाचता येते, कारण नजर सांभाळण्याचं काम शरीराने एकाच यंत्रणेवर सोपवलेलं नाही. डोकं हललं की अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका ते ओळखतात आणि जेमतेम १० मिलिसेकंदांत डोळा उलट दिशेला फिरतो. या वाटेवर चित्राचा संबंधच येत नाही, अंधारातही ती चालते. हलत्या वस्तूचा संथ पाठलाग सुरू व्हायला १०० मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. नजरेची झेप, जिला शास्त्रात सॅकेड म्हणतात, सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद घेते. पण एकदा निघाली की ती मध्ये दुरुस्त होत नाही, आणि मोठ्या झेपेत डोळ्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्या पुढे जातो.

खात्री करायची तर वर्तमानपत्र समोर धरून डोकं भरभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतात. आता डोकं स्थिर ठेवून कागद तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसली जातात. पहिल्या वेळी कानाची वाट कामाला आली, दुसऱ्या वेळी फक्त डोळ्याची होती.

रोबो बांधतानाही हाच क्रम ठेवायचा: आधी जायरोवर (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणारं स्थिरीकरण, मग झेप, मग पाठलाग, आणि सगळ्यात शेवटी ‘कुठे बघायचं’ हा निर्णय. बहुतेक जण शेवटून सुरुवात करतात.

काय बांधायचं आणि कशाने

डोळा एकच बांधा. दुसऱ्याचं नंतर बघू. माणसाच्या दृष्टिपटलावर बारकाईने दिसतं ते फक्त मधल्या एक-दोन अंशांत, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या भागात. बाकीचं सगळं धूसर, पण हालचाल चटकन टिपणारं. यंत्रात हे साधायचा सोपा मार्ग म्हणजे दोन कॅमेरे: डोक्यावर घट्ट बसवलेला एक रुंद कॅमेरा आणि डोळ्यात फिरणारा एक अरुंद. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी एमआयटीत सिंथिया ब्रेझील यांनी केलेल्या किस्मेत रोबोतही रुंद आणि अरुंद नजर अशीच वेगळी ठेवलेली होती.

फिरत्या डोळ्यासाठी ओव्ही९२८१ सेन्सरचा कृष्णधवल कॅमेरा घ्या. तो १२८० × ८०० पिक्सेलचा आणि ग्लोबल शटरचा आहे. रोलिंग शटरमध्ये चित्राच्या ओळी एकामागून एक टिपल्या जातात, त्यामुळे डोळा फिरताना सरळ दरवाजा तिरपा दिसतो आणि पुढचं सगळं मोजमाप चुकतं. लेन्स ६ मिमीची, एम१२ आट्यांची. या सेन्सरचा पिक्सेल ३ मायक्रॉनचा, म्हणून आडवा आवाका सुमारे ३५ अंश येतो आणि मध्यभागी एका अंशाला ३५ पिक्सेल पडतात. हा ३५ चा आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. पुढे प्रत्येक हिशेबात तो लागतो.

रुंद कॅमेरा म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा कॅमेरा मोड्यूल ३ वाइड चालतो. आडवा आवाका १०२ अंश, रंगीत. त्याचा ऑटोफोकस मात्र बंद करून एका अंतरावर कायम करा, नाहीतर फोकस बदलला की चित्राचं प्रमाणही किंचित बदलतं.

बाकीचं सामान असं:

— डोळ्याच्या आडव्या आणि उभ्या अक्षासाठी डायनामिक्सेल एक्सएल३३०-एम२८८ सर्व्हो, २ नग. वजन प्रत्येकी १८ ग्रॅम, एका फेऱ्याला ४०९६ पायऱ्या, ५ व्होल्टला बिनभाराचा वेग मिनिटाला शंभरावर फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे ६०० अंश. माणसाच्या झेपेच्या जवळ जाणारा.
— मानेसाठी एक्सएल४३०-डब्ल्यू२५०, १ नग, १२ व्होल्टवर.
— एमपीयू-६०५० किंवा त्याच जातीचा दुसरा जायरो.
— रास्पबेरी पाय ५, कारण त्यावर दोन कॅमेऱ्यांची सोय आहे. त्याचे कॅमेरा सॉकेट २२ पिनांचे असतात आणि पुष्कळ कॅमेऱ्यांसोबत १५ पिनांची पट्टी येते. जोडपट्टी आधीच मागवा.
— रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, १ नग. जलद लूप, म्हणजे वाचन आणि आज्ञा सेकंदाला शेकडो वेळा करणारा प्रोग्रामचा भाग, याच्यावरच चालवायचा.
— ७४एलव्हीसी२जी२४१ बफर, ५ व्होल्ट ६ अँपिअरचा वेगळा पुरवठा, १२ व्होल्ट ३ अँपिअरचा दुसरा, आणि १००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर.

एसजी९० जातीचे छोटे निळे सर्व्हो स्वस्त पडतात, पण इथे उपयोगाचे नाहीत. त्यांना आज्ञा दर २० मिलिसेकंदांनी एकदाच जाते आणि ते कुठे पोचले हे ते परत सांगत नाहीत. आपला सगळा खेळ ‘डोळा त्या क्षणी नेमका कुठे होता’ या माहितीवर उभा आहे.

डोळ्याची खोबण

पट्ट्या २ मिमी ॲल्युमिनियमच्या कापून घ्या. नाशिकमध्ये सातपूर-अंबडकडे लेझर कटिंगची कामं होतात. फाइल डीएक्सएफमध्ये द्या आणि एम२ स्क्रूसाठी भोक २.२ मिमीचं ठेवा. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीईटीजी वापरा. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि नाशिकच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली गरम झालेल्या सर्व्होला टेकलेला भाग तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

दोन्ही अक्ष लेन्सच्या प्रवेशछिद्रातून, म्हणजे समोरून बघताना लेन्सच्या आत जिथे काळं छिद्र दिसतं तिथून, जायला हवेत. अक्ष मागे सर्किटबोर्डावर पडला तर डोळा फिरताना थोडा सरकतोही, आणि जवळच्या-लांबच्या वस्तू एकमेकींवरून घसरतात. तपासणी सोपी आहे. एक काडी ३० सेंटिमीटरवर आणि दुसरी २ मीटरवर अशी उभी करा की चित्रात एकीमागे दुसरी लपेल. डोळा डावी-उजवीकडे फिरवा. मागची काडी डोकावली तर कॅमेरा पुढे-मागे सरकवा. यासाठी पट्टीतली भोकं गोल न ठेवता ४ मिमी लांबीच्या खाचा ठेवा.

दुसरा त्रास गिअरमधल्या ढिलाईचा. सर्व्हो जागेवर धरून ठेवून डोळा बोटाने हलकेच ढकला आणि चित्र किती पिक्सेल सरकतं ते बघा. अर्धा अंश ढिलाई म्हणजे १७ पिक्सेल. उपाय म्हणजे एक हलकी स्प्रिंग लावून डोळा कायम एकाच बाजूला ओढलेला ठेवायचा, म्हणजे दाते नेहमी एकाच अंगाला टेकलेले राहतात. स्प्रिंग फार कडक झाली तर एका बाजूची झेप जलद आणि दुसरीकडची मंद होते.

कॅमेऱ्याची चपटी पट्टी हा तिसरा, आणि सगळ्यांनी दुर्लक्षिलेला. ती ताठ असते, डोळ्याला ढकलते, आणि एकाच रेषेवर हजारो वेळा वाकून शेवटी तुटते. अक्षाभोवती तिचा दीड फेऱ्याचा सैल वळसा ठेवा, ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या, आणि एक जास्तीची डब्यात ठेवा.

जायरो डोक्याच्या पट्टीवर बसवा, डोळ्यावर नाही. मानेच्या सर्व्होला चिकटवू नका. गिअरची थरथर थेट वाचनात येते.

वीज आणि तारा

एक्सएल३३० ला ६ व्होल्टच्या वर चालत नाही. एक्सएल४३० आपण १२ व्होल्टवर चालवतो. दोघांचा प्लग मात्र सारखाच. बारा व्होल्टची तार चुकून डोळ्यात गेली की सर्व्हो एका क्षणात जातो. मानेच्या तारेला लाल चिकटपट्टी गुंडाळा, आणि दोन पुरवठ्यांमधून फक्त डेटा आणि ग्राउंड एकत्र जोडा, धन तार कधीही नाही.

रास्पबेरी पायला त्याचा स्वतःचा ५ व्होल्ट ५ अँपिअरचा पुरवठा द्या. डोळ्याचे दोन सर्व्हो अडकले तर दोघं मिळून सुमारे ३ अँपिअर ओढतात, आणि त्याच तारेवर पाय असेल तर नेमका झेपेच्या वेळी रीसेट होतो. हा दोष प्रोग्राममध्ये शोधण्यात कैक दिवस वाया जातात.

डेटाची तार एकच असते, जाणं-येणं तिच्यावरूनच. म्हणून पिको आणि सर्व्होंच्या मध्ये तो बफर. त्याला ३.३ व्होल्ट द्या. एलव्हीसी जातीचे इनपुट ५ व्होल्टही सोसतात, त्यामुळे पिकोच्या पिना वाचतात. बॉड रेट सेकंदाला १० लाख बिट, आणि सर्व्होमधलं ‘रिटर्न डिले टाइम’ शून्य. मुळात ते २५० असतं, म्हणजे प्रत्येक उत्तराआधी अर्धा मिलिसेकंद फुकट. प्रोफाइल वेग आणि प्रोफाइल प्रवेग हेही डोळ्यासाठी शून्य. इथे शून्याचा अर्थ ‘बंधन नाही’ असा होतो. तीन सर्व्होंचं वाचन-लेखन मग एका मिलिसेकंदाच्या आसपास बसतं आणि लूप सेकंदाला ५०० वेळा चालवता येतो.

पिको टाळून यूएसबी ॲडॉप्टरने सर्व्हो थेट पायला जोडायचे असतील तर लिनक्समधला लेटन्सी टायमर, म्हणजे आलेला डेटा पुढे देण्याआधीची थांब, तपासा. एफटीडीआय चिपसाठी तो मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. १ वर आणा. एवढी एक ओळ बदलून थरथर निम्मी झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

उशीर मोजा, अंदाज करू नका

अरुंद कॅमेऱ्यासमोर एक एलईडी ठेवा, तो पिकोच्या पिनेवरून पेटवा आणि पेटवल्याची वेळ नोंदवा. प्रोग्रामला उजेड दिसला की त्याने पिकोला एक अक्षर पाठवावं. दोन वेळांतलं अंतर म्हणजे बघण्याचा पूर्ण उशीर. दोनशे वेळा करा. मधला आकडा आणि सगळ्यात वाईट पाच टक्क्यांचा आकडा, दोन्ही लिहून ठेवा. दोघांत १५ मिलिसेकंदांहून जास्त फरक असेल तर फ्रेमची रांग साचते आहे. प्रोग्रामने रांगेतली सगळ्यात ताजी फ्रेम घ्यावी आणि बाकीच्या टाकून द्याव्या.

एक्स्पोजर १० मिलिसेकंदांवर कायम करा, गेनही कायम. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एक्स्पोजर १० च्या पटीत नसेल तर एक फ्रेम उजळ, एक काळसर येते आणि रोबोला सगळी खोली हलल्यासारखी वाटते. फ्रेमचा वेग ८० ठेवला तर हे आरामात बसतं.

पिको आणि पाय यांची घड्याळं वेगळी असतात. दर सेकंदाला पिकोने एका पिनेवर स्पंद द्यावा आणि पायने त्याची वेळ नोंदवून फरक काढावा. शिवाय पिकोवर डोळ्याच्या आणि मानेच्या कोनांची गेल्या अर्ध्या सेकंदाची नोंद फिरत्या यादीत ठेवा; ५०० हर्ट्‌झला २५६ नोंदी पुरतात. प्रत्येक फ्रेम कधी टिपली हे कॅमेरा सांगतो, आणि तेव्हा डोळा कुठे होता हे यादी सांगते. ही यादी नसेल तर पुढचा पाठलाग जमत नाही.

पहिला लूप: जायरोवरचं स्थिरीकरण

सूत्र एका ओळीचं आहे. डोळ्याचा वेग = −ग × डोक्याचा वेग. डोकं उजवीकडे सेकंदाला ३० अंश फिरलं तर डोळा डावीकडे ३०. हा ‘ग’ लांबच्या वस्तूसाठी १ असतो. डोळा मानेच्या अक्षाच्या पुढे असल्यामुळे जवळच्या वस्तूसाठी तो वाढतो: १ + (अक्ष ते डोळा अंतर ÷ डोळा ते वस्तू अंतर). डोळा अक्षापासून १० सेंटिमीटर पुढे आणि वस्तू अर्ध्या मीटरवर असेल तर १.२.

जायरोची मोजण्याची मर्यादा सेकंदाला ५०० अंशांवर ठेवा; मग एमपीयू-६०५० च्या वाचनाला ६५.५ ने भागलं की सेकंदाला किती अंश ते मिळतं. चालू केल्यावर पाच सेकंद डोकं न हलवता सरासरी काढा आणि ती वजा करा. डिसेंबरात सकाळी आणि दुपारी ही सरासरी वेगवेगळी येते, कारण ती तापमानाबरोबर सरकते. प्रत्येक वेळी चालू करताना नव्याने काढा.

इथे एक मोह होतो. वाचन थोडं खरबरीत दिसतं, म्हणून जायरोचं आतलं फिल्टर ५ हर्ट्‌झवर नेलं जातं आणि आलेख गुळगुळीत होतो. पण त्या फिल्टरचा उशीर १८.६ मिलिसेकंद आहे. ९८ हर्ट्‌झवर तोच उशीर २.८ आहे. खरबरीतपणा डोळ्याचं वजन आपोआप गिळतं. उशीर कुणीच गिळत नाही. सेकंदाला एक हेलकावा, दोन्ही बाजूंना १० अंश, अशा साध्या मान हलवण्यात २० मिलिसेकंदांचा उशीर राहिला तर चित्र सेकंदाला सुमारे ८ अंशांनी घसरत राहतं. १० मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये जवळजवळ ३ पिक्सेल पुसट. काहीच स्थिरीकरण नसताना हीच पुसटता २२ पिक्सेलची असते.

जुळवणी अशी करा. जेवणाच्या टेबलावर ठेवतात तसल्या फिरत्या ताटावर सगळं डोकं ठेवा. २ मीटरवर भिंतीला ठिपक्यांचा मोठा कागद लावा. सुरुवातीला ग फक्त ०.२ ठेवून दिशा बरोबर आहे ना ते बघा. चिन्ह चुकलं तर घसरण वाढते, आणि पूर्ण ग असताना ते कळलं तर डोळा थाडकन थांब्यावर आदळतो. मग ०.८ पासून १.२ पर्यंत ०.०५ च्या पायऱ्यांनी जा. प्रत्येक वेळी ताट हाताने सारख्या ठेक्यात २० सेकंद हलवा आणि लागोपाठच्या फ्रेममधली सरक मोजा. सगळ्यात कमी सरक देणारा ग ठेवा.

त्यानंतर सर्व्होच्या स्वतःच्या उशिराचा हिशेब. आज्ञा म्हणून आत्ताचा हवा असलेला कोन न पाठवता त्यात वेग × उशीर मिळवून थोडा पुढचा कोन पाठवा. उशीर ५ पासून ३० मिलिसेकंदांपर्यंत बदलून पुन्हा तीच मोजणी करा. बऱ्याचदा ग जुळवून मिळाला नाही एवढा फायदा या एका आकड्याने मिळतो.

जायरोची उरलेली चूक सेकंदाला ०.१ अंश असली तरी १० सेकंदांत नजर ३५ पिक्सेल वाहून जाते. म्हणून वेगाची बेरीज गळक्या माठासारखी ठेवा: २० सेकंदांच्या कालमानाने ती हळूहळू मध्याकडे यावी. माणसाच्या मेंदूतली ही बेरीजही अशीच गळकी आहे. अंधारात डोळा हळूहळू मध्याकडे सरकतो. आणि जोडीला चित्रातली संथ घसरण मोजून ती सौम्यपणे परत द्या, गुणक सेकंदाला १ ते २. जलद हालचाल जायरो सांभाळतो, संथ हालचाल चित्र. नवा चष्मा लागल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते आणि मग थांबते, तेव्हा लहान मेंदू हाच ग नव्याने जुळवत असतो. यंत्रातही घसरण आणि डोक्याचा वेग यांचा गुणाकार सतत बघत ग अगदी थोडा-थोडा सरकवता येतो, पण आधी हाताने जुळवा. शिकणाऱ्या आकड्यामागे चुकीचं चिन्ह लपलं तर सापडत नाही.

हे झालं की डोकं हातात घेऊन हलवा. अंगणात कोंबडी हातात धरून पुढे-मागे केली तर तिचं डोकं हवेत जसं एका जागी राहतं, तसा डोळा भिंतीवरच्या ठिपक्याला धरून राहिला पाहिजे. इथवर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा लूप: झेप

रुंद कॅमेऱ्यात वस्तू दिसली, डोळा तिकडे न्यायचा. इथे फीडबॅक नको. एकच आज्ञा, आणि डोळा थांबेपर्यंत अरुंद कॅमेऱ्याच्या सगळ्या फ्रेम फेकून द्यायच्या. आपला मेंदूही झेपेदरम्यानचं चित्र दाबून टाकतो; आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे नजर नेली तर डोळे हलताना कधीच दिसत नाहीत.

डोळा ‘थांबला’ कधी म्हणायचं? एन्कोडरवरचा (सर्व्होचा कोन मोजणाऱ्या भागावरचा) वेग लागोपाठ तीन वाचनांत सेकंदाला ३ अंशांच्या खाली आला, आणि त्यानंतर एक्स्पोजर सुरू झालेली पहिली फ्रेम आली, की. नुसता ठराविक वेळ थांबण्यापेक्षा हे खात्रीचं. झेप चालू असताना जायरोचा लूप बंद करू नका. डोकं त्या वेळीही हलतच असतं.

रुंद चित्रातला पिक्सेल कोणत्या कोनाला जुळतो याचा नकाशा लागतो. ६४० × ३६० च्या चित्रावर ९ × ५ गाठींची जाळी टाका, प्रत्येक गाठीत आडवा आणि उभा कोन, मधल्या जागी सरासरी. सुरुवातीला एका पिक्सेलला ०.१६ अंश धरा. कडेला हे चुकतं, चुकू द्या. मग १० सेंटिमीटरचा एप्रिलटॅग, म्हणजे प्रोग्रामला सहज ओळखता येणारा छापील काळा-पांढरा चौकोन, काठीवर लावून २ मीटरवर वेगवेगळ्या जागी धरा. डोळा झेपावतो, अरुंद चित्रात टॅग मध्यापासून किती दूर पडला ते मोजतो, आणि जवळच्या चार गाठींमध्ये त्या चुकीचा ०.३ पट हिस्सा मिळवतो. उरलेली चूक अर्ध्या अंशाच्या आत येईपर्यंत चालू ठेवा. दीड-दोनशे झेपा धरून चला. काठी कोपऱ्यांत न्यायला विसरू नका, तिथल्या गाठी शिकायच्या राहतात आणि नंतर रोबो कोपऱ्यातल्या माणसाच्या कानाकडे बघतो.

रुंद कॅमेरा डोळ्यापासून ६ सेंटिमीटर बाजूला असेल तर २ मीटरवर शिकलेला नकाशा अर्ध्या मीटरवर सुमारे ५ अंशांनी चुकतो. घाबरायचं कारण नाही, वस्तू अरुंद चित्रात येतेच. मग एक छोटी दुरुस्तीची झेप. माणूसही मोठ्या झेपेत थोडा अलीकडेच थांबतो आणि दुसरी छोटी झेप घेतो.

तिसरा लूप: पाठलाग

सुरुवातीचा थरथरणारा रोबो इथे अडकलेला असतो. उशीर ६० मिलिसेकंद असेल तर नुसत्या स्थानाच्या चुकीवर चालणारा लूप २६ च्या गुणकाला डोलायला लागतो, आणि न डोलता चालवायचा तर गुणक ६ च्या आसपास ठेवावा लागतो. मग सेकंदाला २० अंशांनी जाणाऱ्या वस्तूच्या मागे तो कायम ३.३ अंश राहतो. कितीही जुळवा, हे गणित हलत नाही.

वाट वेगळी आहे. चित्रात दिसते ती वस्तूची घसरण, तिचा खरा वेग नव्हे. फ्रेम टिपली त्या क्षणीचा नजरेचा वेग, म्हणजे डोळा अधिक डोकं, आपल्या यादीत आहे. तो घसरणीत मिळवला की वस्तूचा खरा वेग मिळतो, आणि डोळ्याला तोच वेग द्यायचा. डेव्हिड रॉबिन्सन यांनी डोळ्याच्या पाठलागाचं जे प्रतिमान मांडलं त्याचा गाभा हाच आहे. गोम एकच: ‘आत्ताचा’ वेग मिळवू नका, फ्रेमच्या वेळचा मिळवा. ही चूक केली की जुनी थरथर जास्त जोमाने परत येते.

घसरण मोजायला मधला १२८ × १२८ चा तुकडा आणि फेज कोरिलेशन, म्हणजे दोन चित्रं ताडून सरक काढणारी पद्धत, पुरेसं आहे. वेगाचा अंदाज दर फ्रेमला ३०-४० टक्क्यांनीच पुढे सरकवा. स्थानाची चूक २ अंशांच्या आत असेल तर ती ३ च्या सौम्य गुणकाने मिटवा; त्यापलीकडे गेली की पाठलाग सोडून झेप घ्या. चाचणीसाठी दोरीला बांधलेला चेंडू झोपाळ्यासारखा सोडा. टोकाला तो थांबून वळतो तिथे डोळा किंचित पुढे जातो. हे माणसातही होतं, ते पूर्ण घालवायच्या नादाला लागू नका.

कुठे बघायचं

लॉरेंट इट्टी, क्रिस्टॉफ कॉख आणि अर्न्स्ट निबर यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत आजही लहान यंत्राला झेपते. रुंद चित्र १६० × ९० करा, उजेड, लाल-हिरवा फरक, निळा-पिवळा फरक आणि हालचाल असे चार नकाशे काढा, प्रत्येकात ‘आसपासच्यापेक्षा वेगळं’ काय ते शोधा, मग वजनं देऊन बेरीज. सगळ्यात उंच जागा जिंकते. सेकंदाला १० वेळा पुरतं.

जिंकलेली जागा मग दीड-दोन सेकंद दाबून ठेवायची, ८ ते १० अंशांच्या वर्तुळात. नाहीतर रोबो एकाच दिव्याकडे टक लावून बसतो. हा दाब चित्राच्या पिक्सेलवर नव्हे तर खोलीतल्या दिशेवर नोंदवा. मान वळली की पिक्सेल बदलतो, दिवा नाही. मान वळत असताना हालचालीच्या नकाशाचं वजन शून्य करा, त्या वेळी सगळंच हलतं.

पहिल्याच दिवशी रोबो छताच्या पंख्याच्या प्रेमात पडेल. गणपतीत मांडवात ठेवलात तर पळत्या माळांच्या. जे सतत तसंच हलतं त्याचं वजन हळूहळू उतरवा: प्रत्येक जागेच्या हालचालीची ३० सेकंदांची सरासरी ठेवून ती वजा करा.

मान कधी वळवायची

लक्ष्य मध्यापासून १५ अंशांच्या आत असेल तर मानेला त्रास देऊ नका. पुढे असेल तर मानेलाही आज्ञा द्या, पण संथ, सेकंदाला १०० ते १५० अंशांवर बांधलेली. डोळ्याची आज्ञा नेहमी ‘नजरेची दिशा वजा डोक्याची दिशा’ अशी काढा. डोळा आधी पोचतो, मान मागून येते, आणि ती येत असताना डोळा आपोआप मध्याकडे परततो. यासाठी वेगळी ओळ लिहावी लागत नाही. एक सापळा टाळा: जायरो डोक्यावर आहे, म्हणजे मानेचं वळणं त्यात आलेलंच आहे. मानेच्या एन्कोडरचा वेग त्यात पुन्हा मिळवला तर डोळा दुप्पट उलट फिरतो.

दुसरा डोळा लावायचा तर ६ सेंटिमीटर अंतरावर, उभा अक्ष सामायिक, आडवा वेगळा. एक मीटरवरच्या वस्तूसाठी दोन्ही नजरांमध्ये ३.४ अंशांचा कोन होतो. सर्व्होची एक पायरी ०.०८८ अंशांची, म्हणून एक मीटरवर अंतराची चूक अडीच सेंटिमीटरांची आणि तीन मीटरवर २३. डोळ्यांच्या कोनावरून अंतर काढायचं ते दोन मीटरांच्या आतच.

द्राक्षबागेत नेताना

दिंडोरी-निफाडकडच्या बागेत ओळींमधून चालणाऱ्या गाड्यावर हे डोकं बसवायचा विचार नाशिकमध्ये कुणालाही सुचेल. दोन गोष्टी बदलतात. खोलीतली हालचाल मुख्यतः वळण्याची होती. ढेकळांवरून जाताना गाडा वर-खाली उडतो, आणि ते जायरोला दिसत नाही. घड ६० सेंटिमीटरवर असताना २ सेंटिमीटरचा धक्का म्हणजे १.९ अंश, ६६ पिक्सेल. ॲक्सेलरोमीटरची दोनदा बेरीज करून हे सुटत नाही, चूक फार लवकर फुगते. उन्हात लुकलुक नसते, म्हणून एक्स्पोजर २ मिलिसेकंदांवर आणा, फ्रेमचा वेग १२० करा, आणि चित्रावरच्या संथ लूपचा गुणक ६ ते ८ पर्यंत चढवा. गाड्याच्या चाकांत हवा थोडी कमी ठेवणं या सगळ्यापेक्षा स्वस्त.

दुसरं, थॉमसन जातीच्या द्राक्षाचा हिरवा घड हिरव्या पानांत रंगाच्या नकाशावर उठतच नाही. रंगाचं वजन उतरवून लहान गोल चमकांचा नकाशा जोडा. प्रत्येक मण्यावर उन्हाचा एक ठिपका असतो, पानावर तसा नसतो. घड पानाआड असेल तर डोकं ५-६ सेंटिमीटर बाजूला सरकवून त्याच दिशेला पुन्हा बघायचं, आणि त्यासाठी गाड्यावर एक छोटी आडवी सरकपट्टी लागते. भुरी रोगासाठी गंधक मारलेल्या बागेत लेन्सवर पिवळसर थर बसतो. तो आधी फुंकणीने उडवा, मग ओल्या मऊ कापडाने पुसा; कोरड्या फडक्याने पुसलं की चरे पडतात, आणि चऱ्यांवरचं ऊन रोबोला घडासारखंच दिसतं.